मेजपोसावरचा शब्द

ग्रीसच्या सीमेजवळच्या बितोलातल्या आमच्या गल्लीत मी लग्न होऊन आले ते चौऱ्याहत्तर साली. एकोणीस वर्षांची होते. सासूबाई मला ‘नेवेस्ता’ म्हणायच्या, म्हणजे नवरी. सासरे तेच म्हणायचे, दीर तेच म्हणायचा, आणि कोपऱ्यावरचा पाववालासुद्धा, “नवरीबाई, आज दोन का तीन?” असंच विचारायचा. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी मी नवरीच. आमच्याकडे घरात पुढची नवरी येईपर्यंत आधीचीची सुटका नसते, आणि धाकटा दीर तर तेव्हा बारा वर्षांचा होता.

शेजारच्या घरात डोस्तामावशी राहायची. पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. ताशकंदच्या कापडगिरणीत एकोणीस वर्षं काढल्यामुळे ती कायम मागांच्या खडखडाटावरून बोलल्यासारखी बोले. नवरा कोचो वीजतंत्री होता, आणि जेमतेम बोलायचा. मूलबाळ नव्हतं. एकदा कुंपणाशी मी कपडे वाळत घालत होते, तर पलीकडून म्हणाली, “ए पोरी, तुला आईबापांनी काही नाव ठेवलंय की नाही?”

“झागोर्का,” मी म्हटलं.

“बरं. झागोर्का, चिमटे पडतायत तुझे.”

तेव्हापासून आमचं जमलं. डोस्ता या नावाचा अर्थ ‘पुरे’. तीन मुलींवर चौथीही मुलगीच झाली तेव्हा आजोबांनी ते ठेवलं होतं, देवाला इशारा म्हणून. “देवाला ऐकू यायला बारा वर्षं लागली,” असं ती सांगायची. बारा वर्षांनी तिच्या पाठीवर भाऊ झाला, सोतिर. आणि सोतिरचं नाव निघालं की ती गप्प व्हायची. 

सगळं मला खूप पुढे कळलं. काही तिच्याकडून, काही तिच्या भावाच्या बाजूकडून.

त्यांचं गाव ओरेशो. आता ते ग्रीसमध्ये आहे; आमच्या गल्लीच्या टोकाशी उभं राहिलं की दिसणाऱ्या डोंगरांच्या मागे. तिची आई सेव्दा त्या गावात नवरी म्हणून आली आणि सासऱ्यांसमोर वर्षभर अवाक्षर बोलली नाही. तशी रीतच होती. नवरीनं मान खाली घालायची, हातावर पाणी घालायचं आणि गप्प राहायचं. वर्षानं सासऱ्यांनी तिला एक कोकरू दिलं आणि म्हणाले, “बोल आता.” सेव्दा काय बोलली? “शेळीला तीन दिवसांपासून ताप आहे.” तीन दिवस ती तेवढं पोटात ठेवून होती.

आई मुलीला सांगायची, नेवेस्ता म्हणजे माहीत नसलेली. चूल तिला ओळखत नाही, कुत्रा तिच्यावर भुंकतो, घरातल्या मेलेल्या माणसांनाही ती कोण ते ठाऊक नसतं. म्हणून तिचा चेहरा झाकायचा. सगळ्यांना माहीत होईपर्यंत सांभाळायचं. आईनं डोस्ताकडून वचन घेतलं होतं: “सोतिरची बायको घरात येईल तेव्हा दारात तू उभी राहा. माझ्या वेळी दारात कोणी हसलं नव्हतं. तू हस.”

अठ्ठेचाळीस साली ग्रीसमधल्या यादवीत बॉम्ब पडायला लागले तेव्हा गावोगावची मुलं डोंगरापलीकडे पाठवली गेली. आई तोवर वारली होती. डोस्ता अठरा वर्षांची, बंडखोरांच्या डोंगरातल्या इस्पितळात जखमींना उचलायचं काम तिच्याकडे. सहा वर्षांच्या सोतिरला तिनं रांगेत उभं केलं, दोन पायमोज्यांच्या जोड्या एकावर एक चढवल्या आणि म्हणाली, “पुढे चाल, मी मागून येते.” तो पुढे चालला. ती मागून गेली नाही, जाऊच शकली नाही. दीड वर्षानं लढाई हरल्यावर तिची तुकडी अल्बानियात उतरली, तिथून जहाजानं, मग आगगाडीनं थेट ताशकंद. सोतिर चेकोस्लोव्हाकियात पोहोचला.

पंचावन्न साली रेड क्रॉसमार्फत पत्ता लागला. सोतिर तेरा वर्षांचा झाला होता. त्याची पत्रं यायची, पण कशी? अक्षर चेक, शब्द निम्मे चेक, मध्येच एखादा गावाकडचा शब्द, भाजीत खडा लागावा तसा. ती रशियन लिपीत उत्तर लिहायची आणि आता तिच्याही बोलण्यात निम्मं रशियन मिसळलेलं. दोघांना वाटायचं, आपण घरची भाषा लिहितोय.

चौसष्ट साली त्यानं कळवलं, लग्न करतोय. मुलगी यार्मिला, क्रनोव्ह गावची, त्याच्याच गिरणीत काम करणारी. डोस्तानं उलट टपाली लिहिलं, “थांब. मला परवाना मिळेपर्यंत थांब. मी आल्याशिवाय लग्न करू नकोस.” परवाना मिळाला नाही. आणि बावीस वर्षांचा मुलगा कशाला थांबतोय?

मग तिनं पार्सल केलं. सुके जर्दाळू, बेदाणे, आणि एक मेजपोस. पांढऱ्याशुभ्र कापडावर कडेनं डाळिंबं, आणि मधोमध लाल धाग्यानं भरलेली अक्षरं. चेक लोकांना रशियन लिपी वाचता आली नाही तर? म्हणून शेजाऱ्याच्या मुलीच्या जर्मनच्या पुस्तकातून तिनं एकेक लॅटिन अक्षर गिरवून घेतलं होतं. अडीच महिने कामावरून आल्यावर ती भरत बसायची. वहिनी, भावजय, सून, या सगळ्यांना ताशकंदमध्ये जो एकच शब्द वापरतात तो तिनं भरला: ‘लाडक्या नेवेस्त्का यार्मिलेला’.

पार्सल बरोब्बर लग्नाच्या दिवशी पोहोचलं. ती आनंदात होती. दारात नाही तर नाही, मेजावर तरी आपण असू.

दीड महिन्यानं एक पाकीट आलं. आत एकच ओळ. “माझ्या घरी पुन्हा पत्र पाठवू नकोस. सोतिर.”

डोस्तानं ती ओळ किती वेळा वाचली असेल! का, ते तिला कळेना. मग तिनंच कारण शोधून काढलं: त्यांना माझी लाज वाटते. गावंढळ बहीण, आशियातून आलेलं भरतकाम, ते सुधारलेले लोक. तिनंही लिहिणं सोडलं. अडुसष्ट साली नवरा-बायको बितोलाला राहायला आले, तर नवा पत्तासुद्धा कळवला नाही. तेरा वर्षं अशी गेली. माझ्याशी बोलताना त्याच्याबद्दल ती ‘होता’ एवढंच म्हणायची, आणि मला वाटलं, वारला असेल.

सत्याहत्तरच्या सप्टेंबरमध्ये आमच्या अंगणात मिरच्या भाजायचं काम चालू होतं. आयवाराचे, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीचे दिवस; सगळ्या गल्लीला भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास. डोस्तामावशी, सासूबाई आणि मी, तिघी साली काढत बसलो होतो. तेवढ्यात फाटकाशी एक बाई आली, खांद्याला टेपरेकॉर्डर. नाव ब्लागा. स्कोप्येहून आली होती. ओरेशोसारख्या गावांतून उठून आलेल्यांचे शब्द गोळा करायचं तिचं काम.

“शब्द गोळा करतेस?” सासूबाई म्हणाल्या. “आणि पगार देतात?”

“थोडा देतात,” ब्लागा म्हणाली.

“मग बैस, आणि हात चालव. बोलता बोलता साली निघतात.”

ब्लागा बसली. यंत्र मिरच्यांच्या घमेल्याशेजारी ठेवलं. लग्नातले शब्द ती विचारत गेली आणि डोस्तामावशी सांगत गेली. नवरी म्हणजे नेवेस्ता. मुंगसासारखा तो चिमुकला प्राणी, कपडे कुरतडणारा, तो नेवेस्तुल्का, नवरीबाई. खरं नाव घेतलं तर चिडतो म्हणून असं लाडानं म्हणायचं आणि त्याच्यासाठी कोनाड्यात चिमूटभर लोकर ठेवायची. आईनं सांगितलेला अर्थही तिनं सांगितला, माहीत नसलेली.

“पुष्कळ पंडितही तेच म्हणतात,” ब्लागा म्हणाली. “ने म्हणजे नाही, पुढचा धातू जाणण्याचा. हिंदुस्तानातल्या जुन्या भाषेत वेद म्हणतात, त्यातला. पण सगळ्यांना ते पटत नाही. काही म्हणतात मूळ शब्द ‘नवी’ असा आहे, सगळ्यांत नवी ती नवरी. आणखी काही म्हणतात, हात धरून आणलेली. अजून भांडतायत.”

“भांडू देत,” सासूबाई म्हणाल्या. “नवी असो नाहीतर हात धरून आणलेली, भांडी घासता आली म्हणजे झालं.” आणि माझ्याकडे बघून हसल्या.

“शब्द मात्र हा एकच सगळीकडे फिरला,” ब्लागा सांगत राहिली. “बल्गेरियात, सर्बियात, रशियात, चेकांकडे. बरं, भावाच्या बायकोला काय म्हणायचात?”

“गावात स्नाआ. पुढे ताशकंदला नेवेस्त्का म्हणायची सवय लागली.”

ब्लागा हसली. “ताशकंदला चालतं. चेक बाईला म्हणू नका म्हणजे झालं.”

डोस्तामावशीच्या हातातली मिरची हातातच राहिली. “का?”

“अहो, चेकमध्ये नेवेस्ता म्हणजे नवरीच. पण नेवेस्त्का म्हटलं की...” तिनं सासूबाईंकडे पाहिलं, आवाज उतरवला, “धंदा करणारी बाई. पूर्वी तेही सुनेलाच म्हणत असत म्हणे. मग असल्या बाईला उघड नाव घ्यायला नको म्हणून आडून हा गोड शब्द वापरायला लागले, आणि गोड शब्द कायमचा तिकडेच गेला. तुमच्या नेवेस्तुल्कासारखंच की. मावशी? काय झालं?”

डोस्तामावशी उठली, नळापाशी गेली, हात धुतले. परत धुतले. मिरचीचं तिखट जातच नव्हतं जणू. मग आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, “लाल धाग्यानं भरलं मी ते. बोटभर उंचीची अक्षरं.”

त्या दुपारी तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. ब्लागानं यंत्र बंद केलं होतं. सासूबाई, ज्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असतं, त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “आणि तेरा वर्षांत त्या माणसानं एकदा विचारलं नाही?”

“मी तरी कुठे विचारलं?” डोस्तामावशी म्हणाली.

“पत्र लिही,” मी म्हटलं. “आजच लिही.”

“पत्र नको. लिहिण्यानंच झालंय हे सगळं. तोंडानं सांगते.”

तेव्हा दूरगावी फोन करायचा तर टपाल कचेरीतून बोलावणं पाठवायची सोय होती: अमक्या दिवशी, अमक्या वाजता आपल्या गावच्या कचेरीत या, तुम्हाला फोन आहे. डोस्तामावशीनं बोलावणं भावाच्या नावानं नाही पाठवलं. यार्मिलेच्या नावानं पाठवलं. “शिवी तिला गेली, तर माफीही तिलाच.”

ठरल्या दिवशी ती चर्चला जायचे कपडे घालून निघाली. मला बरोबर नेलं. अकराची वेळ होती. साडेअकरा झाले. ती बाकावर सरळ बसून होती. “येणार नाही ती,” म्हणाली. “मी असते तर आले नसते.” तेवढ्यात खिडकीतली मुलगी ओरडली, “चेकोस्लोव्हाकिया, तीन नंबर!”

तीन नंबरच्या फोनच्या खोक्यात आम्ही दोघी कशाबशा मावलो. मला दोन्ही बाजूंचं ऐकू येत होतं. डोस्तामावशी गिरणीतल्या आवाजात बोलत होती, त्यामुळे सगळ्या कचेरीला निम्मं तरी ऐकू गेलंच. यार्मिला चेक बोलत होती, ही आमची भाषा आणि रशियन मिसळून. दोघी एकेक शब्द सावकाश मांडत होत्या.

“मी डोस्ता.”

“माहीत आहे. बोलावण्यावर तुमचं नाव होतं.”

“पोरी, मी तुला तसं म्हटलं नव्हतं गं.”

“कसं?”

“तसं. मेजपोसावर. ताशकंदमध्ये भावजयीला तसंच म्हणतात. सगळे म्हणतात, चांगल्या घरातले, डॉक्टरसुद्धा! मला आत्ता कळलं, मागच्या आठवड्यात. मिरच्या सोलताना.”

 खिडकीतल्या मुलीनं मान वर करून पाहिलं. मग यार्मिला म्हणाली, “माझ्या वडलांनी तो उलगडला. सगळ्या वऱ्हाडासमोर दोन हातांनी उंच धरला आणि मोठ्यानं वाचला. त्यांना वाटलं आशीर्वाद आहे. वाचून झाल्यावर त्यांना समजलं, काय वाचलं ते.”

“अरे देवा.”

“माझी आजी म्हणाली, निदान अक्षर तरी सुंदर आहे.”

डोस्तामावशीला हसावं का रडावं कळेना. यार्मिला पुढे बोलतच होती. सोतिर म्हणाला होता, माझी बहीण मला थांब म्हणाली होती, मी थांबलो नाही, त्याचा राग तिनं तुझ्यावर काढला. शाळेत तो रशियन शिकला होता, पण त्या पुस्तकांत ट्रॅक्टर होते, कारखाने होते, भावजया नव्हत्या. आणि असला शब्द घेऊन मास्तरांकडे विचारायला कोण जाणार?

“फेकलास ना तो?” डोस्तामावशीनं विचारलं.

“आईनं धागा उसवला. कापड चांगलं होतं. नाताळला घालते मी. पण सुईची भोकं दिसतात हो. पाहुणे विचारतात, इथे काय होतं?”

“काय सांगतेस?”

“किडीनं खाल्लं म्हणते.” “जर्दाळू मात्र मी खाल्ले. रागात. सगळे एकटीनं.”

आता मात्र डोस्तामावशी हसली. भिंतीला टेकून, डोळे पुसत, इतक्या मोठ्यानं की रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं कोणीतरी गेलं.

“सोतिरला सांगशील?”

“सांगते. तो रडेल, आणि मग दोन दिवस बोलणार नाही. तुम्ही काळजी करू नका, तो तसाच आहे.”

“आमचा बाप तसाच होता,” डोस्तामावशी म्हणाली.

पुढच्या जुलैमध्ये ती दोघं आली. स्कोडा गाडीतून, तीन दिवस प्रवास करून, मागच्या सीटवर दोन मुली पेंगुळलेल्या. डोस्तामावशी सकाळपासून फाटकाशी उभी. कोचोनं खुर्ची आणून दिली, ती बसली नाही. गाडीतून आधी यार्मिला उतरली. उंच, चष्मेवाली, प्रवासानं पार दमलेली. डोस्तामावशीनं दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला आणि हसली. हसतच राहिली. ते हसणं कोणाला दिलेल्या वचनाचं होतं ते मला माहीत होतं, यार्मिलेला नव्हतं; तरी तिलाही हसू फुटलं.

मग सोतिर उतरला. छत्तीस वर्षांचा, मिशीवाला, गिरणीतल्या एका विभागाचा मुख्य. बहिणीसमोर उभा राहिला, तोंड उघडलं, आणि जे आलं ते असं: “ताई, मी दमलो. माझे पाय दुखले. मला पाणी दे.”

आम्ही सगळे चकित होऊन बघत राहिलो. गावची भाषा त्याच्याजवळ होती, पण ती सहा वर्षांच्या मुलाची. तिथेच थांबलेली. एवढा मोठा माणूस आणि शब्द बोबडे, लाडाचे. भूक लागली, ते मला हवं, कुत्रा चावेल. मोठ्या माणसाची एकही गोष्ट त्याला तिच्यात सांगता येईना: कर, पेन्शन, रक्तदाब, पश्चात्ताप. ते सगळं तो चेकमध्ये सांगायचा आणि यार्मिला हातवारे करून पोहोचवायची. लाजेनं पहिले दोन दिवस तो जेवतानाही कमी बोलला. सासूबाईंनी एकदा त्याला विचारलं, “अजून भात?” तर म्हणाला, “पोटोबा भरला.” आम्ही हसू दाबलं. डोस्तामावशीनं दाबलं नाही. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आणखी भात वाढला.

तिसऱ्या दिवशी ब्लागा आली. डोस्तामावशीनंच तिला कळवलं होतं, उपकार फेडायला म्हणून काचेची एक बरणीभर आयवार द्यायचा होता. ब्लागानं सोतिरचं बोलणं पाच मिनिटं ऐकलं आणि बरणी तशीच खाली ठेवली.

“मावशी, तुमची भाषा ताशकंदनं बदलली. बाकीच्यांची बितोलानं, स्कोप्येनं. याची कोणीच बदलली नाही. हा अठ्ठेचाळीसचं ओरेशो बोलतोय!” तिनं घाईघाईनं यंत्र उघडलं. “सोतिर, शेळीला हाक कशी मारायचात? पहिला दात पडला की काय म्हणायचात? पावसाच्या पाण्यात बुडबुडे येतात, त्यांना?”

सोतिरनं बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे. आणि सांगायला लागला. आधी अडखळत, मग भराभर. बुडबुड्यांचा शब्द डोस्तामावशी पार विसरली होती. तो ऐकला आणि ती मटकन खुर्चीत बसली. “आई म्हणायची,” एवढंच म्हणाली. चार दिवसांत ब्लागानं त्याच्याकडून दीडशेवर शब्द उतरवून घेतले. कारखान्यातल्या बढतीनं झाला नसेल एवढा तो खूश झाला. जेवणाच्या वेळीही उठेना.

यार्मिला आणि डोस्तामावशी तोवर स्वयंपाकघरात आलुबुखाराचे उंडे करत होत्या, पीठ किती मऊ हवं यावर दोन वेगवेगळ्या भाषांत वाद घालत. मध्येच यार्मिलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, “सोतिर! उकडलेले उंडे गार होतात! आणि त्या बाईलाही आत आण, सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नाही!”